दाजी, तुमच्या भिंतीला माझा हात लागलाच नाही

दाजी, तुमच्या दहाव्याला नदीवरून परत आल्यावर सगळी माणसं खाली मान घालून बसली होती आणि मी मान वर करून तुमची भिंत बघत होतो. काय करणार? शिंप्याची नजर कापडावर जाते, माझी भिंतीवर जाते. खिडकीच्या वर रोलरचे चार पट्टे, चौघांची तोंडं चार दिशांना. दाराच्या चौकटीवर पिवळ्याचे फराटे. स्विचच्या बोर्डावर तर रंगाचे एवढे थर की बटण दाबायला नख रोवावं लागतं. कमळाताईने माझ्याकडे बघितलं. मी काय बघतोय ते तिला बरोबर कळलं आणि त्या तसल्या वेळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. तिने घाईघाईने तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, बाईला हुंदका आला.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बघ बघ, मेला तरी माझी भिंत तपासतोय!" आणि मेलो मी नाही, गेलात तुम्ही, हे सांगायलाही मी विसरलो असतो, इतका मला राग आला असता.

मी मुरबाडचा बाळू पेंटर. तीस वर्षं झाली या धंद्यात. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझा ब्रश फिरला नाही असं गाव शोधावं लागेल. शाळा रंगवल्या, देवळं रंगवली, डोळखांबच्या वरच्या पाड्यांपर्यंत डबे डोक्यावर घेऊन गेलोय. एकच घर राहिलं. सापगावचं, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं. कारण त्या घराचे मालक तुम्ही, आणि तुमचं ब्रीद एकच, आपला हात जगन्नाथ. केस स्वतः कापायचे, तेही आरशात बघून, म्हणून मागे नेहमी एक पायरी राहायची. मिक्सर स्वतः उघडायचा, चपला स्वतः शिवायच्या. शाळेत शिपाई होतात तर घंटासुद्धा दुसऱ्याला वाजवू दिली नाहीत कधी. आणि दर दिवाळीआधी घराला रंग, तो तर तुमचाच.

ताईच्या लग्नानंतरची पहिली भाऊबीज मला अजून आठवते. मी सतरा वर्षांचा, नुकताच उस्तादांच्या हाताखाली लागलेलो, अंगात नुसती खुमखुमी. आदल्या दिवशीच तुमच्याकडे आलो. बघतो तर ओटीची भिंत अर्धीच सारवल्यासारखी पांढरी करून ठेवलेली. सुट्टी होती तरी तुम्ही शाळेवर फेरी मारायला गेला होतात. मी चुन्याची बादली घेतली, शिडी लावली आणि चढलो. म्हटलं, दाजी येईपर्यंत भिंत आरशासारखी करून ठेवतो, शाबासकी घेतो. तुम्ही आलात, दारात सायकल टाकलीत आणि ओरडलात, "उतर! आधी खाली उतर तू!" ब्रश हातातून हिसकावून घेतलात. माझ्या डोळ्यांत चुना गेला होता, ते पाणी चुन्याचं की अपमानाचं मला तेव्हाही कळलं नाही. एवढंच कळलं, की दाजींना माझं काम पसंत नाही. ते मी मनात ठेवलं ते ठेवलंच.

पण म्हणून तुमची मजा बघायची सोडली नाही हो! तुमची एकेक दिवाळी मला पाठ आहे. पेजेची दिवाळी आठवते? कुणीतरी तुमच्या कानात सोडलं, चुन्यात भाताची पेज घाल, भिंतीला पक्की धरते. आता आपल्या मुलखात पेजेला काय तोटा! तुम्ही टोपभर पेज ओतलीत. भिंत दिसली सुरेख, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. चौथ्या दिवशी आळीतल्या कोंबड्या आल्या. सगळ्या ओळीने भिंतीकडे तोंड करून टोचा मारतायत, टक् टक् टक्. कोंबडीची मान जिथवर पोचते तिथवर भिंत उघडी, वर पांढरीफेक. मी पोट धरून हसलो तर तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "कोंबड्यांना कलतं रे चांगलं काय ते. यंदा अंडी बघ, कवच कसं टणक येतंय." आणि दोन आठवड्यांनी खरोखरच चार अंडी माझ्या हातात ठेवलीत, पुरावा म्हणून.

मग चुना गेला, डिस्टेंपर आला. मी हात जोडून सांगितलं, दाजी, जुना चुना आधी खरवडून काढा, नाहीतर सुटेल. तुम्ही म्हणालात, "चांगला चुना कशाला काढू? खाली राहिला तर काय खायला मागतोय?" त्या भाऊबीजेला ताई मला ओवाळत होती आणि वरून तळहाताएवढा पापुद्रा माझ्या टोपीवर पडला. ताईचं तोंड पडलं. तुम्ही मात्र टाळी वाजवलीत. "अक्षता पडल्या! घराने आशीर्वाद दिला मेवन्याला!" अहो, केसात आठ दिवस पिवळा भुसा निघत होता.

मोबाइल आल्यावर तर बघायलाच नको. कुठल्याशा व्हिडिओत कुणी पोरगा स्पंजने भिंतीवर नक्षी काढत होता. तुमच्याकडे स्पंज नव्हता, ताईची अंग घासायची जाळी होती. पुढच्या खोलीतली ती भिंत तुम्ही दोन दिवस थापटत होतात. पाहुणे आले की भिंतीजवळ जाऊन हात लावायचे आणि काळजीने विचारायचे, "ओल कुठून आली ओ?" ताई म्हणायची, "ओल नाय, हौस हाय."

भांडण आपलं तिथेच सुरू व्हायचं, ओटीवर, चहाबरोबर. मी म्हणायचो, प्रत्येक कामाला माणूस असतो. दात दुखला तर तुम्ही घरी सांडशी लावता काय? तुम्ही चहाचा घोट घेऊन म्हणायचात, "लावली होती एकदा." मग मी कपाळावर हात मारायचो. मी म्हणायचो, एकदा नीट घासून, लांबी म्हणजे पुट्टी भरून, प्रायमर मारून रंग दिला तर सात वर्षं बघायला नको. तुम्ही म्हणायचात, "सात वर्षं भितीकडं बघायचंच नाय? मग भित कशाला पायजे?" मी म्हणायचो, तुमच्या घराला बघून लोक हसतात. तुम्ही म्हणायचात, "हसूदे की. रडत तर नाय ना जात कोन माझ्या दारातून?" तुमच्यापुढे कुणाचं काय चालणार! मी चिडत घरी जायचो आणि सरळगाव यायच्या आत मोटारसायकलवर एकटाच हसायला लागायचो.

यंदा मात्र हसलो नाही. गणपतीच्या आधी किन्हवलीला एक मोठं काम ठरत आलं होतं. दोन मजली नवीन घर. मालक बोलता बोलता म्हणाला, "सापगावला पुलाकडून आत गेल्यावर ते घर तुमच्या बहिणीचं ना? बघितलं मी." एवढंच. काम दुसऱ्याला गेलं. गणपतीला तुमच्याकडे आलो तो तडक तुमच्यासमोर उभा राहिलो. गौरींचं ताट मांडलेलं, घरात पाहुणे, आणि मी नको ते बोललो. म्हटलं, "तुमच्या या घरापायी माझी अब्रू जाते, दाजी. सगळ्या तालुक्याला माझा हात चालतो, तुम्हालाच चालत नाही. माझं काम पसंत नाही, एवढं एकदा तोंडाने सांगून टाका, मी परत विचारणार नाही." तुम्ही स्वतः केलेला चहा माझ्या पुढ्यात सरकवलात. म्हणालात, "चहा घे. थंड होतोय." मी चहा न घेता निघालो. अन्नाचा नाही केला, पण चहाचा अपमान केला, आणि तो तुमच्या हातचा होता.

रीत अशी की दसऱ्याला धाकट्याने थोरल्याकडे सोनं द्यायला जायचं. मी रुसलेला, गेलो नाही. तर तुम्हीच आलात! खिशात आपट्याची पानं, हातात ताईने दिलेल्या भाकऱ्या, दोन गाड्या बदलून मुरबाडला. माझी बायको पाया पडली, तुम्ही तिला सोनं दिलंत, मला दिलंत आणि मग माझ्या घरातल्या भिंतीवरून तळवा फिरवलात. हळूच, वरून खाली. "गुलगुलीत हाय रे बाळ्या. मांजराच्या पाठीसारखी." जन्मात पहिल्यांदा तुमच्या तोंडून माझ्या कामाची तारीफ! आणि मी गाढव, विरघळायचं सोडून म्हटलं काय, "मग द्या की तुमचं घर माझ्या ताब्यात." तुम्ही हसलात. "चल, जेवायला वाढलंय." तेव्हा नेट धरून विचारायला हवं होतं. म्हटलं, दिवाळीत विचारू, भाऊबीजेला आहेच की. तुम्ही दिवाळीपर्यंत थांबलातच कुठे.

घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी सण नाही, रंग नाही. पण तुमच्या लेकीचं, दीपालीचं लग्न ठरलेलं होतं. ठरलेलं कार्य एक तर वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. डोळखांबची नवऱ्याकडची मंडळी समजूतदार, माघातली तारीख धरली. आणि लग्नघराला रंग तर लागलाच पाहिजे. मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. "बाळू, रविवारी घराला रंग काढतोय. तू ये. सकाळीच ये."

दाजी, खरं सांगतो, रागावू नका. मला आनंद झाला. तुम्ही जाऊन दोन महिने झालेले नाहीत आणि मला आनंद झाला, की आता तरी बहिणीचं घर माझ्या हाताला लागेल. शनिवारी सगळं सामान काढलं. लांबी ओढायचे पत्रे, पॉलिशपेपर, लांबीची पोती, प्रायमर, तीन नवे रोलर. टेम्पो सांगितला. मनात म्हटलं, असं घर करून ठेवतो की नवरदेवाकडची माणसं उंबऱ्यात थबकली पाहिजेत. आणि वर तुम्हालाही दिसलं पाहिजे, की बघा दाजी, काय नाकारत होतात ते. होय, तेही होतं मनात. खुन्नस होती.

काल सकाळी आठला तुमच्या दारात उतरलो. बघतो तर काम आधीच सुरू! ताई कमरेला पदर खोचून खिडकीशी, आणि दीपाली स्टुलावर. अंगात तुमचा शाळेचा खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंत आलेला, नाकाच्या शेंड्यावर रंग. डबे तुम्हीच आणून ठेवले होते म्हणे, दसऱ्याच्या आधी, पोरीला विचारून. अबोली रंग. ना घासलेलं, ना लांबी भरलेली. जुन्या पट्ट्यांवर नवे पट्टे ओढणं चाललेलं.

माझं डोकंच फिरलं. "अगं थांबा! उतर गो खाली! हे काय मांडलंय? मी टेम्पो भरून सामान आणलंय आणि तुम्ही..." मी स्टुलाकडे धावलो, दीपालीच्या हातातला ब्रश घेतला सुद्धा. तेवढ्यात ताई आली. तिने ब्रश माझ्या हातातून काढून परत पोरीला दिला, कोपऱ्यातला पाट आणून भिंतीशी मांडला आणि म्हणाली, "तू बस."

"बस काय? रंगाला बोलावलंस ना मला?"

"रंगाला कुठं बोलावलं? रंग हाय म्हणून जेवायला बोलावलं. बस."

मग मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच, की गणपतीतलं सगळं परत बाहेर आलं. दाजींना माझं काम कधीच पटलं नाही, आता तूही त्यांचंच चालवतेस, वगैरे वगैरे. ताई माझ्यासमोर जमिनीवर बसली, रंगाचे हात मांडीवर पालथे ठेवून.

"तुला खरंच ठावं नाय?" ती म्हणाली. "पहिल्या भाऊबीजेला तू शिडीवर चढलास, तवा ते तुझ्यावर वरडले. तू झोपल्यावर मला बोलले. माझ्यावर काय चिडले होते! बोलले, 'तुझा भाव लोकांच्या घरी रोज शिडीवरच असतो. उन्हात, धुळीत, डोळ्यांत चुना जातोय पोराच्या. माझ्या घरी येल तवा पाटावर बसल. माझ्या घरात त्याच्या हातात ब्रश दिसला तर बघ.' भाऊबीजेला तुझा पाट कोन मांडायचा? मी? इतकी वर्षं तेच मांडायचे. मला हात नाय लावू द्यायचे."

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंत? तीस वर्षं मी..."

"मी बोलायचे, सांगून टाका की त्याला. तर हसायचे. बोलायचे, 'सांगितलं तर गप बसल. मग नुसता सनाला येल नि जाईल, पावन्यासारखा. आता कसा दर महिन्याला तावातावाने येतोय! राग हाय तवर येनं हाय.'" ताई डोळे पुसत हसायला लागली, रंगाचा हात गालाला लागला. "पर यंदा गणपतीत तू चहा टाकून गेलास ना, तवा घाबरले. बोलले, या खेपेला जास्त झालं वाटतं. म्हणून दसऱ्याला स्वतः आले. सांगनार होते तुला. परत आले तर मी विचारलं, सांगितलंत का? तर बोलले, 'नाय जमलं गो. त्याने परत घर मागितलं. इतकं बरं वाटलं, म्हटलं चालूदे अजून.'"

दाजी!

अहो काय माणूस तुम्ही! तीस वर्षं मी तुमच्या घरात कामगार म्हणून शिरायला धडपडत होतो आणि तुम्ही मला पाहुणा करून दारात अडवलंत. वर माझ्याकडून शिव्या खाल्ल्यात, गावाचं हसू करून घेतलंत, कोंबड्यांना भिंत खाऊ घातलीत, पण सांगितलं नाहीत. मी शेकडो घरं रंगवली, दाजी. ज्या घरात सकाळी शिरलो तिथे मला मागच्या दाराजवळ, वर्तमानपत्रावर चहा दिला, कान तुटक्या कपात. राग नाही, आमचे हात तसेच असतात. पण मला पाट मांडून ठेवणारं घर एकच होतं आणि मी त्याच घरावर रुसत राहिलो. किन्हवलीच्या त्या माणसाला आता जाऊन सांगावंसं वाटतं, होय बाबा, ते घर माझ्याच बहिणीचं. त्याला माझा हात लागलेला नाही, आणि तो का लागला नाही हे ऐकायचं असेल तर बस इथे.

तुम्हाला एक मात्र ऐकवतोच, कारण आता तुम्ही उलट बोलणार नाही. रंग तुम्हाला येत नव्हता. अजिबात नाही. माझ्या मानासाठी तुम्ही मुद्दाम वाईट रंग देत होतात असं कुणी म्हटलं तर मी मानणार नाही. तुमची ती हौसच होती. पण मी रंगवलेल्या घरात कुणी शिरलं तर कोणी रंगवलं ते कळत नाही, कळू नये हीच आमची करामत. तुमच्या घरात काल मी पाटावर बसून बघत होतो तर जिथे बघावं तिथे तुम्हीच. इथे चहाला थांबलात. इथे कुणीतरी हाक मारली. इथे डबा संपत आला म्हणून पाणी घातलंत, लबाड. मी आयुष्यात असं एकही घर केलेलं नाही.

मी बसलो, दाजी. सांगतो तुम्हाला, परांचीवर उभं राहून तीन मजली इमारत रंगवणं सोपं, पण ते बसणं महाकठीण. दीपाली ब्रश डब्यात बुडवून निथळू न देताच भिंतीवर न्यायची, ओघळ खाली यायचा, माझा गुडघा आपोआप उचलला जायचा. दोनदा उठलो. दोनदा ताईने नुसतं बघितलं. तिसऱ्यांदा मीच मांडी आवळून धरली. टेम्पोवाला दारात येऊन विचारायला लागला, सामान उतरवू का? मी म्हटलं, राहूदे, परत ने.

दुपारपर्यंत पुढची भिंत झाली. पोरगी स्टुलावरून उतरली, मागे सरकली, हातात ब्रश धरून माझ्याकडे बघायला लागली. लग्न करून जाणारी पोर, डोळे अगदी तुमचे. "मामा, बरोबर झालीय का रे?"

खिडकीखाली पाच ओघळ होते. छताच्या कडेला अबोलीची वेडीवाकडी किनार. एक अख्खा पट्टा सुटला होता, तिथून तुमचा पिवळा दिसत होता. असलं काम माझ्या कुणा माणसाने केलं असतं तर तिथल्या तिथे घासायला लावलं असतं.

"एक नंबर झालीय," मी म्हटलं. "वर नको लावू आता हात. अशीच ठेव."

तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. ताईने तिथेच, ओल्या भिंतीखाली, ताट वाढलं. तांदळाची भाकरी, वालाची भाजी, खीर. दोघी उभ्या, हात रंगाने भरलेले, आणि दोन्ही तालुक्यांत नाव असलेला बाळू पेंटर स्वच्छ हातांनी जेवतोय. पाठीला सदऱ्यावर अबोली लागला, ते कळत होतं, पण सरकलो नाही.

ताईने विचारलं, "आणखी एक भाकरी वाढू?"

पोट भरलं होतं, दाजी. मी म्हटलं, "वाढ."